पाऊस आला की टीव्ही गेला! दोष डोंगराचा नाही, आपल्या छपरावरच्या छत्रीचा आहे

विशेष विश्लेषण | सातारा जिल्हा

मृगाची पहिली सर आली की पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या गावांत दरवर्षी तेच होतं. बाहेर आभाळ भरून येतं, घरात बातम्या चालू असतात, हवामानाचा अंदाज लागणार एवढ्यात चित्र गोठतं. निवेदिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहतं, मग चौकोन-चौकोन दिसतात आणि शेवटी काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडं डोंगर हाय ना, इथं असंच व्हायचं." आणि विषय संपतो.

मंडळी, हा विषय असा संपवायचा नाही. डोंगराला उगाच दोष दिला जातोय. खरी गडबड बहुतेक घरांत छपरावरच आहे, आणि थोडी दिल्लीच्या कारभारात. दोन्ही नीट समजून घेऊ.

'आलं का? नाही, अजून डावीकडं!'

ज्यांनी चाळिशी ओलांडली त्यांना हे वाक्य आठवत असेल. एक जण कौलावर चढून माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा अँटेना फिरवायचा, दुसरा अंगणात, तिसरा टीव्हीसमोर. आरोळ्या मारत मारत चित्र लागायचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभा राहिला, साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर आला. ज्या टॉवरचं चित्र लागेल त्याच्याकडं गावाचे अँटेने तोंड करून उभे असायचे.

तेव्हा डोंगराची तक्रार खरी होती. टॉवरच्या लहरी जमिनीलगत सरळ जायच्या. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या खोऱ्यात अंधार. छोट्या टॉवरची पोच वीसेक किलोमीटरची. कोयनेच्या खोऱ्यात बसून अजिंक्यताऱ्याचं चित्र कुठून येणार?

पण त्या जुन्या अँटेन्याची एक गोष्ट आज कुणी सांगत नाही. पावसानं त्याला फारसा फरक पडायचा नाही. चित्रात 'मुंग्या' यायच्या, सावली पडायची, पण आवाज यायचा, बातमी कळायची. त्या लहरी मीटरमध्ये मोजण्याइतक्या लांब. पावसाचा थेंब त्यांच्यापुढं धुळीच्या कणाएवढा.

तो काळ सरकारनं अधिकृतपणे संपवला. प्रसार भारतीनं २०२१ मध्ये जाहीर केलं की देशातले जुन्या पद्धतीचे टीव्ही ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद करत आणलेत, उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. सीमाभागासारख्या महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० तेवढे राहतील. तुमच्या छपरावर आजही जुना काट्यांचा अँटेना असेल तर तो कावळ्याला बसायला ठीक आहे. त्याला कितीही फिरवा, त्याच्याशी बोलणारं आता कुणी नाही.

आता सिग्नल येतो छत्तीस हजार किलोमीटरवरून

जुन्याच्या जागी आली छत्री, म्हणजे डिश. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शननं 'डीडी डायरेक्ट प्लस' सुरू केलं, तीच आजची 'डीडी फ्री डिश'. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, महिन्याचा रिचार्ज नाही. देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत आज फ्री डिश असल्याचं सांगितलं जातं. सह्याद्री वाहिनी त्यावर, डीडी किसान त्यावर, पोरांच्या अभ्यासाच्या पीएम ई-विद्या वाहिन्याही त्यावर.

पैशाचा हिशेबही साधा आहे. २०१९ मध्ये ट्रायनं खासगी डीटीएच आणि केबलसाठी नवी पद्धत आणली तेव्हा पहिल्या शंभर चॅनलचं नुसतं जोडणीभाडं महिन्याला कमाल १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे ठरलं होतं. वर्षाचे झाले १,८४० रुपये, आणि पैसेवाल्या वाहिन्या वेगळ्या. पुढं जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाच ट्रायनं काढून टाकली. मजुरीवर जगणाऱ्या घरानं फ्री डिशकडं वळावं हे साहजिक आहे.

फ्री डिशचं प्रसारण जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येतं. ११ नोव्हेंबर २०१५ ला तो सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो आपल्याला एकाच जागी उभा दिसतो. सातारा जिल्ह्यातून बघितलं तर तो आग्नेयेला आहे, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर १३१ अंशांवर. जमिनीपासून वर मोजलं तर साधारण ६० अंशांवर.

हा ६० चा आकडा लक्षात ठेवा. आडवा हात म्हणजे शून्य, डोक्यावर म्हणजे नव्वद. साठ म्हणजे जवळपास डोक्याकडं. एवढ्या उंचावरच्या उपग्रहाला अडवायचं तर डोंगर घराला अगदी चिकटून भिंतीसारखा उभा पाहिजे. असं घर हजारात एखादंच. म्हणून 'डोंगर आड येतो' हे कारण पुन्हा कुणी दिलं तर त्याला आग्नेयेकडं हात करून साठ अंशांवर बोट दाखवायला सांगा. तिथं आभाळच दिसेल.

डोंगर आड येत नाही, पण परसातला आंबा येतो. छत्रीच्या आग्नेयेला झाड असेल तर साधा हिशेब करा. झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या किमान पाऊणपट अंतर मध्ये हवं. झाड वीस फूट वर गेलं असेल तर ते पंधरा फूट लांब पाहिजे. पाच वर्षांपूर्वी छत्री बसवली तेव्हा रोप होतं, आज त्याची फांदी मध्ये आली, ही गोष्ट ध्यानातच येत नाही. उन्हाळ्यात चित्र येतं, पावसात पालवी ओली झाली की जातं. मग आपण म्हणतो पावसानं गेलं!

मग पावसात का जातं?

उपग्रहाच्या लहरी अगदी आखूड आहेत, जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. पावसाचे टपोरे थेंब या लहरी शोषतात, विखुरतात. पाऊस जेवढा जोराचा, तेवढा सिग्नल क्षीण. शिवाय आता सगळं डिजिटल. जुन्या काळासारख्या मुंग्या नाहीत. एका मर्यादेपर्यंत चित्र चकचकीत, त्याखाली गेलं की एकदम बंद. मधली अवस्थाच नाही.

म्हणून सगळा खेळ शिल्लकीचा आहे. हौदात पाणी किती शिल्लक यावर उन्हाळा निघणार की नाही ते ठरतं. तसंच कोरड्या दिवशी तुमच्या छत्रीकडं किती जादा सिग्नल आहे, त्यावर पावसाळा निघणार का ते ठरतं. माण-खटावला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथं कशीही बसवलेली छत्री चालून जाते. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. तिथं तीच छत्री, त्याच पद्धतीनं बसवली, तर जून ते सप्टेंबर घरात अंधार. एकाच जिल्ह्यात दोन वेगळे हिशेब पाहिजेत, पण बसवणारा सगळीकडं एकच हिशेब लावतो. चित्र आलं की नट आवळले, पैसे घेतले, पुढच्या घरी.

इथंच नुकसान होतं. साध्या दोन फुटी छत्रीचं तोंड दीड अंश जरी चुकलं तरी सिग्नल जवळपास निम्मा होतो. कोरड्या दिवशी निम्म्यातही चित्र दिसतं, म्हणून कुणाला कळत नाही. पहिला जोराचा पाऊस आला की शिल्लक संपते.

घरी काय करता येईल? पाऊस लागण्याआधीची सहा कामं

एक, खांब ओळंब्यात आहे का बघा. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावा. खांब तिरका असेल तर छत्रीवरचे अंश खोटे ठरतात. माकडं छत्रीवर बसतात, वाऱ्यात पत्रा हलतो, खांब सैल होतो. पत्र्याला ठोकलेली छत्री भिंतीवर किंवा स्लॅबवर घ्या.

दोन, दिशा पुन्हा लावा. फोनमधलं होकायंत्र वापरता येतं. फक्त पत्रा, लोखंडी खांब, मोटरसायकल यांच्यापासून चार पावलं लांब उभं राहून वाचन घ्या, नाहीतर ते चुकीचं दाखवतं. १३१ अंशांच्या रेषेवर लांबची एखादी खूण धरा, झाड, देवळाचा कळस, विजेचा खांब. मग छत्री त्या खुणेकडं करा. एक गोष्ट ध्यानात ठेवा, आपली छत्री जरा उभीच दिसते, साठ अंश वर बघते असं वाटत नाही. तिची बनावटच तशी असते, सिग्नल तिच्यात वरून तिरका येतो. म्हणून उंचीचा कोन नुसत्या नजरेनं ठरवू नका.

तीन, बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, एक 'स्ट्रेंग्थ' आणि एक 'क्वालिटी'. स्ट्रेंग्थ फसवी असते, छत्री भलतीकडं असली तरी ती दिसते. क्वालिटीची पट्टी बघा. छत्री अगदी बोटभर हलवा, दोन-तीन सेकंद थांबा, आकडा बघा, मग पुढं. जास्तीत जास्त आकडा आला की आणखी जरा पुढं नेऊन तो उतरतोय याची खात्री करा, मग मागं येऊन नट आवळा. आवळताना आकडा घसरत नाही ना तेही बघा. व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर ठेवला की अंगणातल्या आरोळ्या वाचतात.

चार, एलएनबी बघा. छत्रीच्या समोर दांड्यावर असतो तो डोळा म्हणजे एलएनबी. त्याचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हानं तडकलं असेल तर आत पाणी जातं, मग दुरुस्ती नाही, बदलणंच. झाकण शाबूत असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. मग त्याला त्याच्या खोबणीत अगदी जरासा डावीकडं-उजवीकडं फिरवून क्वालिटी वाढते का बघा. हे काम बहुतेक बसवणारे करतच नाहीत.

पाच, वायर आणि जोड. पावसाळी बिघाडांत हा नेहमीचा चोर. जोडाला चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे झालं असं नाही, पाणी तिच्या आत साचून राहतं. वितळून चिकटणारी रबरी टेप मिळते ती लावा. एलएनबीपासून बॉक्सपर्यंत एकच अखंड वायर असावी, मध्ये गाठी नकोत. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या टोकावरून टपकेल, वायरीवरून घरात येणार नाही. जोडाचं तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोड लावा.

सहा, एवढं करूनही घाटमाथ्यावर टिकत नसेल तर छत्री मोठी घ्या. दोन फुटांऐवजी तीन फुटी छत्रीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तेवढाच सिग्नल जास्त गोळा होतो. मात्र मोठी छत्री वारा जास्त धरते आणि दिशेच्या बाबतीत जास्त नाजूक असते. खांब जाड, पाया पक्का पाहिजे. आणि ढगफुटीसारख्या पावसात तीही दहा-पंधरा मिनिटं हार मानेल. पण दिवसदिवस बंद राहणार नाही.

जिवाची काळजी मात्र आधी. ओल्या पत्र्यावर, शेवाळलेल्या कौलावर चढू नका. वरून विजेची तार जात असेल तर खांबाला हात लावू नका, आधी वीज कर्मचाऱ्याला बोलवा. विजा चमकायच्या आधीच टीव्ही, बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर तिन्ही काढून ठेवा.

या तीन गोष्टींत फसू नका

पहिली, 'बूस्टर'. वायरीच्या मध्ये डबी लावून सिग्नल वाढवून देतो म्हणणारे भेटतात. गढूळ पाण्याला मोठी मोटर बसवली तर पाणी जास्त येईल, पण गढूळच येईल. छत्रीनं जे पकडलंच नाही ते डबी कुठून आणणार? वायर खूपच लांब असेल तर तिचा थोडा उपयोग, पावसाला ते औषध नाही.

दुसरी, फोनवर दिसणारी जाहिरात. 'हा छोटा अँटेना खिडकीत ठेवा, शेकडो चॅनल आयुष्यभर मोफत.' अमेरिका-युरोपात घराजवळ डिजिटल टॉवर असतात, तिथं तो अँटेना चालतो. आपल्याकडं २०१६ मध्ये दूरदर्शननं डिजिटल टॉवरची सेवा १६ शहरांत सुरू केली, त्यात महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. पाटणच्या खिडकीत तो अँटेना शोभेचाच.

तिसरी, फोन. 'तुमच्या फ्री डिशची मुदत संपली, केवायसी करा, रिचार्ज करा.' फ्री डिशला महिन्याचा आकारच नाही, मग मुदत कसली संपते? फोन ठेवून द्या.

आणि एक गैरसमज. एखादं आवडतं चॅनल एकाएकी गायब झालं तर छत्री हलवत बसू नका. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, १ एप्रिलच्या सुमारास यादी बदलते. २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपली हिंदी करमणुकीची चॅनलं अशीच १ एप्रिलपासून काढून घेतली होती. आधी बॉक्सवर 'ऑटो स्कॅन' करा. काही वाहिन्या फक्त एमपेग-४ च्या बॉक्सवर येतात, जुन्या बॉक्सवर दिसत नाहीत. नवा टीव्ही घ्यायचा असेल तर आत उपग्रहाचा ट्यूनर आहे का विचारा, असला तर वेगळ्या बॉक्सची गरज नाही.

मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला निरभ्र आभाळ असूनही दुपारच्या आधी काही मिनिटं चित्र जातं, असं चार-आठ दिवस होतं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. तो बिघाड नाही, नट सोडू नका.

आता सरकारला विचारायचा प्रश्न

घरचं काम आपण करू. पण मूळ प्रश्न मोठा आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या, माणसं गेली. अशा रात्री वीज जाते, मोबाईलचे टॉवर बंद पडतात. आणि ज्या पावसात इशारा मिळायला पाहिजे, नेमक्या त्याच पावसात छत्री बंद पडते. पावसाला दाद न देणारं जुनं प्रसारण आपण बंद केलं. खर्चाच्या दृष्टीनं ते समजू शकतं, कारण ते बघणारेच उरले नव्हते. पण ज्या खोऱ्यांत सर्वांत जास्त पाऊस पडतो, तिथं त्याच्या जागी काय दिलं?

४ जानेवारी २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनं 'बाइंड' या योजनेला मंजुरी दिली. आकाशवाणी-दूरदर्शनच्या सुधारणेसाठी २०२५-२६ पर्यंत २,५३९ कोटी ६१ लाख रुपये. त्यात दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांहून जास्त फ्री डिश बॉक्स मोफत द्यायचे होते. कोयनेचं खोरं, कांदाटी खोरं दुर्गम नाही तर मग दुर्गम म्हणजे काय? आपल्या तालुक्यात किती बॉक्स आले, कुणाला मिळाले, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे.

आणि पुढच्या वेळी बॉक्स देताना घाटमाथ्याला तीन फुटी छत्री द्या, एवढी साधी मागणी करायला हवी. किमान ग्रामपंचायत आणि शाळेच्या इमारतीवर एक मोठी, पक्क्या पायाची छत्री आणि तिला बॅटरीचा आधार असावा. गावाला एक तरी जागा राहील जिथं पावसातही बातमी कळेल.

इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर टीव्ही दाखवायच्या तंत्राची, 'डायरेक्ट टू मोबाईल'ची चर्चा सध्या चालू आहे. २०२४ च्या सुरुवातीला १९ शहरांत चाचण्या घेण्याचं केंद्र सरकारनं सांगितलं होतं. गंमत बघा, हे तंत्र पुन्हा जमिनीवरच्या टॉवरचंच आहे, जुन्या टीव्हीच्याच लहरींचं. म्हणजे पावसाला ते छत्रीइतकं घाबरणार नाही. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते, आपल्या खिशातल्या बहुतेक फोनमध्ये ती नाही. आणि सुरुवात शहरांपासून. जिथं आधीच चार वायरी घरात येतात तिथं ते आधी पोचणार, आणि जिथं पावसात एकही येत नाही तिथं शेवटी. हा क्रम उलटा व्हावा असं आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत म्हणायला पाहिजे.

तोवर काय? या रविवारी पाऊस नसेल तर ओळंबा आणि पाना काढा, दोन तास घाला. आणि घरात एक सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. लाईट गेली, टॉवर गेला, छत्री गेली, तरी आकाशवाणीचा आवाज येत राहतो. आजोबा उशाला ट्रान्झिस्टर घेऊन झोपायचे, त्यांना आपण हसत होतो. पाटणच्या पावसात त्यांचंच बरोबर होतं.